सूर्य मावळल्यावर कब्रस्तानाचे फाटक एकदा उघडण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष,
नगरपालिका कार्यालय,
हेंशीर सिद्रा.

विषय: माझी आजारी मुलगी शैमा हिला तिच्या आईची कबर दाखवण्यासाठी एका संध्याकाळी फाटक उघडे मिळावे.

संदर्भ: माझे यापूर्वीचे दोन अर्ज, आणि आपल्या कार्यालयातील सी मुनजी यांनी त्यांवर दिलेली तोंडी उत्तरे.

महोदय,

१. शाबान महिन्यातल्या ज्या मंगळवारी माझी पत्नी मबरूका वारली, त्या दिवशी आमची मुलगी झोपलेली होती. सगळी अडचण तिथून सुरू झाली, म्हणून अर्जही तिथूनच लिहीत आहे. सकाळी मबरूका अंगणात कपडे वाळत घालत होती, ती एकाएकी डोके धरून खाली बसली. शेजारच्या लस्सादने तिला आपल्या गाडीत घातले. वाटेत ती बोलत होती. मुलीच्या खोलीचा पडदा नीट ओढला आहे का, हेच तिने दोनदा विचारले. जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले की डोक्यातली शीर फुटली होती आणि ती गेली. आपल्याकडे मयत उद्यावर टाकत नाहीत. दुपार कलताना, अस्रच्या नमाजानंतर दफन झाले. आपणही खांदा द्यायला आला होतात, हे मी विसरलेलो नाही.

२. शैमा आठ वर्षांची आहे. तिला ऊन सोसत नाही, असे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना वाटते की घाम येत असेल, चक्कर येत असेल. तसे नाही. ऊन लागले की तिची कातडी जळते, जळालेली बरी होत नाही आणि पुढे त्या जागी गाठ येते. हा आजार फार थोड्यांना होतो. माझी आजी आणि मबरूकाची आजी सख्ख्या बहिणी, त्यातून तो आला असावा, असे डॉक्टर म्हणाले. त्यावर औषध नाही. ऊन लागू द्यायचे नाही, एवढेच. वेल्डिंगचा उजेडही तिला उन्हासारखाच वाईट, म्हणून माझा कारखाना मी घराच्या अंगणातून उचलून मोठ्या रस्त्यावर नेला. आमच्या घरात दिवस मगरिबला, सूर्य मावळल्यावर, उजाडतो. मबरूका तिच्याबरोबर रात्रभर जागायची. तिला अक्षरे शिकवायची, तेलात बसीसाचे भाजके पीठ कालवून द्यायची, गल्लीत तिच्याशी लंगडी खेळायची. गल्लीतल्या बायका चिडवायच्या की मबरूकाच्या घरी बारा महिने रमजान. मबरूका म्हणायची, "मग या की पहाटे सहरीला. पीठ मात्र आपापलं आणा."

३. म्हणून त्या मंगळवारी शैमा झोपेत होती. तिची आई गेली, आईला न्हाऊ घातले, आणि पुरुष तिला घेऊन गेले, हे सगळे भर दिवसा झाले. मगरिबला मूल उठले तेव्हा घर बायकांनी भरलेले होते आणि आई नव्हती. माझ्या सासूबाई झोहरा यांना काही सुचले नाही. त्यांनी सांगितले की आई राजधानीला गेली आहे, तुझ्या मावशीकडे, येईल थोड्या दिवसांनी. चाळिसावा दिवस होऊ दे, मग सांगू, असे मलाही वाटले.

४. चाळिसाव्याच्या आधी सिनेमा आला. आमच्या गावात चित्रित झालेला हा सिनेमा आपणास ठाऊक आहेच. नगरपालिकेने त्याला सभागृह आणि वीज दिली होती. अशाच आजाराच्या मुलीच्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. दिग्दर्शक सी कैस हे आमच्याकडे महिनाभर येत होते, कारण असे मूल कसे वाढवतात हे त्यांना पाहायचे होते. त्यांना मबरूकाने सगळे दाखवले आणि त्यांच्या माणसांना कुसकुस करून घातला. मात्र सिनेमातली आई थकते, मुलीला नवऱ्यावर टाकून राजधानीला बहिणीकडे निघून जाते. बाप एकटा मुलीला सांभाळतो. शेवटी भर दुपारी, गावोगावी प्रवासी नेणाऱ्या लुआज गाड्यांच्या तळावर आई गाडीतून उतरते. मुलगी उघड्या डोक्याने उन्हात धावत सुटते, आणि आई तिला आपल्या अंगावरच्या पांढऱ्या चादरीत घेते. तिथे सिनेमा संपतो.

हा शेवट कळला तेव्हा मबरूका त्यांना म्हणाली होती, "सी कैस, मी कधी गेले हो? आणि पोर दुपारची उन्हात धावते, तिला काही होत नाही?" ते हसून म्हणाले, "मबरूकाताई, हा सिनेमा आहे. लोकांना रडू यायला हवं, पण घरी जाताना बरं वाटायला हवं." घरी आल्यावर ती मला म्हणाली की गाव म्हणेल मी पळाले होते. मग म्हणाली, "तुला मात्र हिरो केलंय. चूल तरी पेटवता येते का तुला?" येत नव्हती. आता येते.

५. रमजानमध्ये, मबरूकाला जाऊन तीन आठवडे झाले असताना, इफ्तारनंतर तो सिनेमा टीव्हीवर लागला. शेजारी आमच्याच घरी पाहायला जमले. शैमाने पाहिले की आई राजधानीत मावशीकडे गेली आहे. तिच्या आजीने सांगितले तेच टीव्हीनेही सांगितले. तिने पाहिले की आई दुपारच्या गाडीने परत येते, आणि तिने असे धरले की मुलगी उन्हात जाऊन उभी राहिली तरच ती येते. ती आजीला म्हणाली, "आता मला कळलं ती कधी येणार."

६. ईद होऊन गेल्यावर एका दुपारी ती लुआजच्या तळावर सापडली. डोके-तोंड झाकणारा टोप नाही, चष्मा नाही, हातमोजे नाहीत, कारण सिनेमातल्या मुलीने घातले नव्हते. एका चालकाने तिला आपल्या सतरंजीत गुंडाळून कारखान्यावर आणले. मी कडी बसवली. तिने स्टुलावर चढून ती काढली. मी कडी वर घेतली, तर एका दुपारी सासूबाईंनी नमाजाला पाणी घ्यायला दार उघडले तेवढ्यात ती निसटली. सासूबाई म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या मुलीचे दुःख त्यांनाही आहे, त्यांना मी बोलू शकत नाही. काम सोडून घरी बसलो तर चूल कशावर पेटणार. आतापर्यंत ती किती वेळा उन्हात उभी राहिली, हे मी सांगू शकणार नाही. नाकावरची गाठ डॉक्टरांनी कापली. आता ओठावर दुसरी आली आहे आणि डावा डोळा पांढुरका झाला आहे. डॉक्टर म्हणाले की असेच चालू राहिले तर कापायला जागा राहणार नाही.

७. मी तिला खरे सांगितले. एकदा नव्हे, अनेकदा. आई वारली, असे म्हटले की ती विचारते, मग कुठे आहे? कब्रस्तानात. मग दाखव. दिवसा तुला नेता येत नाही, रात्री फाटक बंद असते. यावर ती म्हणाली, "सिनेमात आजोबा मेले तर त्यांची कबर दाखवली. आईची दाखवत नाहीस, म्हणजे ती मेलेली नाही."

महोदय, ईदच्या सकाळी अवघे गाव कबरींवर गेले, लहान लहान मुले आपापल्या माणसांच्या कबरींवर पाणी शिंपडत होती. माझी मुलगी त्या वेळी पडद्याआड होती.

८. जमिनीत पुरलेले सोने शोधणारे लोक रात्री येऊन जुन्या कबरी उकरतात, म्हणून फाटकाला संध्याकाळी कुलूप लावण्याचा नियम झाला. नियम योग्यच आहे. ते फाटक मीच बनवले आहे. माझ्या पहिल्या अर्जावर सांगण्यात आले की नियमाला अपवाद नाही. दुसऱ्या अर्जाच्या वेळी मुलगी दिवसा येऊ शकत नाही याचा डॉक्टरांचा दाखला मागितला. मी आणून दिला. तो वाचून सी मुनजी म्हणाले की यात ऊन टाळा असे लिहिले आहे, तर ढगाळ दिवशी घेऊन ये. मी सांगितले की ढगातूनही तिला तेवढाच त्रास होतो. आणि महोदय, ऑगस्ट महिन्यात हेंशीर सिद्रामध्ये ढग मी कुठून आणू?

९. यानंतर मी विचारले की सिनेमासाठी फाटक रात्री उघडले होते, ते कसे? आजोबांच्या कबरीचा प्रसंग घेण्यासाठी लागोपाठ कित्येक रात्री तिथे जनरेटर आणि मोठे दिवे चालू होते, नगरपालिकेचे दोन शिपाई चहा पुरवत होते, आणि त्या कबरीत तर कोणीच नव्हते. ती प्लायवूडची होती. सी मुनजी म्हणाले, "ते सांस्कृतिक काम होतं, उस्ता." मग वातावरण हलके करावे म्हणून म्हणाले, "आणि तुझ्या बायकोचं काय, तिला तर सगळ्या देशानं गाडीतून उतरताना पाहिलंय." खोलीतले एकदोन जण हसले. सी मुनजी वाईट गृहस्थ नाहीत, दफनाला ते होते. माझे तोंड पाहून त्यांनी कॉफी मागवली. मी ती प्यालो. ही तक्रार म्हणून लिहीत नाही. सिनेमा पाहून लहान मुलाची समजूत होते ती मोठ्यांचीही होऊ शकते, एवढेच आपल्या नजरेस आणतो.

१०. सी मुनजी यांनीच पुढे सुचवले की चित्रीकरण असल्याचे पत्र आणले तर परवानगी त्याच दिवशी निघेल. म्हणून मी सी कैस यांना फोन केला. मबरूका गेल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. ते रडले. मग म्हणाले की पत्र नक्की देतो, आणि मी स्वतः येतो, एकच कॅमेरा आणीन, मुलगी पहिल्यांदा आईच्या कबरीपाशी जाते ते फक्त लांबून घेईन. त्यांचा हेतू चांगला होता. मी रात्रभर विचार केला. कॅमेरा पाहिला की शैमाला वाटेल, हीसुद्धा प्लायवूडची. चित्रीकरण कसे करतात हे तिने आमच्याच घरात पाहिले आहे. मी त्यांना नाही म्हणून कळवले. तरीही आपल्या कार्यालयाला दुसरा मार्गच नसेल, तर तसे लेखी द्यावे. मी कॅमेऱ्यासह येईन.

११. गेल्या आठवड्यात नगरपालिकेकडून मला एक निमंत्रण आले आहे. उन्हाळी महोत्सवात चौकात रात्री तोच सिनेमा पुन्हा दाखवणार असून शैमाला पहिल्या रांगेत बसवून आपल्या हस्ते तिला फुले देण्यात येणार आहेत. तिच्या आजाराचा विचार करून कार्यक्रम मुद्दाम मगरिबनंतर ठेवल्याचे त्यात लिहिले आहे. या विचाराबद्दल मी आभारी आहे. त्याच विचाराने फाटकही उघडता येईल, असे माझ्यासारख्या कमी शिकलेल्या माणसाला वाटते. तिला मी महोत्सवाला आणणार नाही. सिनेमा दाखवणारच असाल तर शेवटचा प्रसंग गाळावा. तेही होणार नसेल, तर चौकातले भोंगे आमच्या गल्लीच्या बाजूला तोंड करून लावू नयेत. आईच्या त्या संवादांचा आवाज तिला पाठ झाला आहे. मबरूकाचा आवाज ती विसरत चालली आहे.

१२. तरी विनंती अशी की आपल्या सोयीची कोणतीही एक संध्याकाळ द्यावी. पहारेकरी खमीसचाचा सोबत असावेत, हवे तर शिपाई द्यावा. आम्ही दोघे आणि सासूबाई, एवढेच येऊ. कबरीवरचे नाव मी मोठ्या अक्षरांत करवून घेतले आहे. ते तिला वाचता येईल. आईनेच तिला अक्षरे शिकवली. कुलूप कापायला मला दोन मिनिटे पुरतील, हत्यार माझ्या हातातलेच आहे. पण मुलीला तिच्या आईकडे चोरासारखे न्यायचे नाही, म्हणून तिसऱ्यांदा लिहीत आहे.

कबर पाहून ती बरी होणार नाही, हे मला कळते. डोळा परत येणार नाही. कबर पाहूनही तिचा विश्वास बसेल, याचीही खात्री मी देऊ शकत नाही. कदाचित उशीर झाला असेल. पण आई येणार म्हणून ती जळत उभी राहते, आणि येणार नाही हे तिला पटवायला माझ्याजवळ दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती त्या फाटकाच्या आत आहे.

मबरूकाच्या मृत्यूचा दाखला व डॉक्टरांचा दाखला पुन्हा जोडले आहेत. काल दुपारी शैमा परत तळावर गेली होती. आईची कबर तिने अजून पाहिलेली नाही.

आपल्या उत्तरासाठी थांबलेला,
लझहर बिन अमारा
वेल्डिंग काम, मोठा रस्ता, हेंशीर सिद्रा
दि. २१ ऑगस्ट २०१९