निळी न होणारी पट्टी

२२ एप्रिल
पट्ट्या तयार. चाळीस. एकट्याच्या बळावर. राईस मिलमधली तुसाची राख, राखेतून सिलिका, सिलिकाला सूक्ष्म भोकं आणि भोकाभोकांत बसवलेलं एन्झाइम. पट्टीला भाजीचं पाणी लावायचं, वर केमिकलचा एक थेंब. एन्झाइम जिवंत असलं तर पट्टी निळी होते, भाजी बिनधास्त खा. भाजीवर कीटकनाशक असलं तर एन्झाइम मरतं, पट्टी पांढरीच राहते.
पट्ट्या सावलीत, थंड जागी वाळवा असं रिसर्च पेपरात आहे. असले पेपर भित्री माणसं लिहितात. मी गच्चीच्या पत्र्यावर वाळवल्या. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. चार तासांत खडखडीत. भोकात बसलेल्या एन्झाइमला ऊन लागत नाही, हाच तर माझा शोध आहे.

२३ एप्रिल, सकाळी ९
पहिली टेस्ट. सुमित्राबाईंचं वांगं. पट्टी पांढरी.
९.२० त्यांचाच टोमॅटो. पांढरी.
९.३५ पालक. पांढरी.
नऊ वर्षं ही बाई फुलचूरच्या आमच्या गल्लीत हातगाडी लावते आणि नऊ वर्षं आपण हेच खातोय!
ठराव: घाबरायचं नाही. वैज्ञानिक घाबरत नसतो.
९.५० नाडी मोजली. एकशे चार.

२४ एप्रिल
गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: सुमित्राबाईंची भाजी विषारी, प्रयोगाने सिद्ध. अठरा अंगठे आले.
नूतनने, माझ्या बायकोने, विचारलं, चांगल्या वस्तूवर पट्टी निळी होते का, ते आधी पाहिलं का? मी म्हटलं, असल्या खात्र्या फर्स्ट इयरची पोरं करतात, मी बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय. ती कुकर लावायला निघून गेली. म्हणजे पटलं.

२६ एप्रिल
तांदूळ. पांढरी. नळाचं पाणी. पांढरी. दूध. पांढरी. (दूध मुळात पांढरंच, म्हणून दोनदा केलं.)
भीती वाटते. खरंच वाटते. जीभ जड झाल्यासारखी. नूतन त्याच तांदळाचा भात खाऊन दुपारी आडवी झाली. तीनदा तिच्या नाकाजवळ बोट धरून पाहिलं.
ठराव: आजपासून फक्त गच्चीवरच्या कुंड्यांतली वांगी. ती तपासायची गरज नाही, आपल्या हातची आहेत. अळी पडू नये म्हणून छोटेलालच्या कृषी केंद्रातलं औषध मारतो, तेवढंच. तो म्हणाला होता, महिन्यातून एकदा पुरे. मी दर रविवारी मारतो. हयगय आपल्या स्वभावात नाही.

३० एप्रिल
वांग्याचं भरीत. वांग्याचे काप. कच्चं वांगं. डोकं दुखतं, मळमळतं, तोंडाला सारखी लाळ सुटते. जुनं विष बाहेर पडत असणार.

२ मे
सुमित्राबाई फाटकाशी आल्या. आठ दिवसांत गल्लीत कुणी पावशेर मिरचीसुद्धा घेतली नाही. म्हणाल्या, काऊन जी सर, मी तुमचं का बिघडवलं? मी त्यांना विज्ञान समजावलं. त्यांनी गाडीवरचं वांगं उचललं आणि माझ्यासमोर कचाकचा खाल्लं. म्हणाल्या, हेच माया नातीले चारतो मी, तुमी का सांगून राहिले!
मी घाबरलो. त्यांच्यासाठी. अँब्युलन्सचा नंबर काढून वीस मिनिटं उन्हात उभा. त्यांना काही झालं नाही. चक्कर मलाच आली. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. नंतर आठवलं, ते पाणी तपासलेलं नव्हतं. पुन्हा घाम फुटला.

४ मे, दुपारी १
नूतनने एक पट्टी मागून घेतली. इन्व्हर्टरसाठी आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवली, थेंब टाकला. पांढरी. ती देवरीची, चिडली की माहेरची बोली येते. म्हणाली, आता तो इन्व्हर्टरबी मरन का?
डिस्टिल्ड वॉटरमध्ये काहीच नसतं. काहीच. मी दुसरी बुडवली. पांढरी. तिसरी. पांढरी.
१.३० गच्चीवर जाऊन पत्र्याला हात लावला. फोड आला.
एन्झाइम पहिल्याच दिवशी मेलं होतं. लाज वाटली.
ठराव: नव्या पट्ट्या, फ्रिजमध्ये वाळवलेल्या. मग सुमित्राबाईंची माफी. माफी पुराव्यासकट मागितलेली बरी. तोवर घरचीच वांगी, उगाच धोका नको.

९ मे, सकाळी ८
डिस्टिल्ड वॉटर. निळी! मी ओरडलोच. सुमित्राबाईंचं वांगं. निळी. टोमॅटो, पालक, तांदूळ, दूध. निळ्या, निळ्या, निळ्या, निळ्या. भीती एका झटक्यात उतरली. ग्रुपवर माफीनामा लिहायला घेतला.
तेवढ्यात नूतन गच्चीवरून आपलं वांगं घेऊन आली. म्हणाली, हेही बघून टाका. मी म्हटलं, पट्टी वाया जाईल.
८.४० पांढरी.
८.५० अजून पांढरी.
दोन आठवडे मी हेच खाल्लंय. फक्त हेच.
८.५५ नूतन ऑटो बोलावतेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, हात

१० मे, दवाखाना
डॉक्टरांनी विचारलं, फवारणीच्या कामावर जाता का? म्हटलं, नाही, केमिस्ट्री शिकवतो. त्यांनी पेन खाली ठेवलं.
सुमित्राबाई डबा घेऊन आल्या. पालक-भात. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, आंधी खा जी सर. जवळ पट्टी नव्हती. भीती वाटली. खाल्लं.
दुपारी ग्रुपवर माफी टाकली: सुमित्राबाईंची भाजी चांगली आहे, चूक माझी होती.
दोन अंगठे आले. त्यातला एक नूतनचा.