भिकाजीच्या गळ्यातली थैली

रत्नागिरी, ६ जानेवारी २०२५

चि. मथुरेस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं कानाचं यंत्र बिघडलंय. फोनवर मी ओरडतो ते सगळ्या आळीला कळतं, तुला मात्र नाही, म्हणून पत्र. घरात दोन जनावरं आणलीत, शुगर ग्लायडर. खारीपेक्षा लहान, अंगाला कातड्याची झालर, उडी मारली की तरंगतात. नावं बाबू आणि गंगा. पुण्याचा एक मुलगा परदेशी निघालाय, त्याची. महिन्याभरात माझ्याकडे रुळली तर माझी, नाहीतर पाच फेब्रुवारीनंतर तो दुसऱ्या कोणाला देणार.

दिवसा ती झोपतात, तेव्हा थैलीत घालून थैली गळ्यात अडकवायची, म्हणजे माणसाचा वास ओळखीचा होतो. आपल्याकडे तान्ह्याचं दुपटं जुन्या पातळाचंच करतात ना, म्हणून मी तुझ्या सावित्रीवहिनीचं वापरून मऊ झालेलं पातळ फाडून थैली शिवली. दोनदा साबण लावून आंघोळ करतो, पावडर फासतो. तरी बोट पुढे केलं की करकरतात आणि चावतात. आणि सावित्री, जी त्यांना उंदीर म्हणते, ती नारळ खवायला बसली की थेट तिच्या अंबाड्यावर! तिने बोंब मारली ती मिऱ्या बंदरापर्यंत गेली असेल.

हसू नकोस गो. मी बोटीवरून सुट्टीला आलो की अजिंक्य मला बघून भोकाड पसरायचा. पोटचा पोर! त्याला माझी सवय होईपर्यंत सुट्टी संपायची. निदान ह्यांनी तरी मला ओळखावं, एवढंच वाटतं.

लोभ यंत्राशिवायही चालू ठेव.

तुझा भिकाजीदादा


लांजा, ११ जानेवारी

ती. दादास मथुरेचा सा. न. वि. वि.

हसले. काजू सोलता सोलता इतकी हसले की सूनबाई पाणी घेऊन धावली.

अरे शहाण्या, जग फिरलास आणि एवढं कळलं नाही? थैली वहिनीच्या पातळाची, म्हणजे दिवसभर ती वहिनीच्या कुशीत झोपतात. तू नुसती खुंटी! वर स्वतःचा वास साबणाने घालवतोस. त्यांनी ओळखायचं कोणाला, पावडरच्या डब्याला? चार दिवस घातलेला गंजिफ्रॉक काप आणि थैलीला आतून लाव. वहिनी धुवायला मागेल, देऊ नकोस.

अजिंक्यचं मलाही आठवतं. पण तू बोटीवर गेलास की तो तुझी न धुतलेली लुंगी कवटाळून झोपायचा, हे तुला कोणी सांगितलंच नाही वाटतं.

काजूगर पाठवते. माया माझ्यावर कर, काजूगर उंदरांवर उधळू नकोस.

तुझी मथुरा


रत्नागिरी, ५ फेब्रुवारी

सौ. मथुरावन्संस सावित्रीचा सप्रेम नमस्कार.

मी लिहितेय, कारण तुमच्या दादांना हात हलवायची सोय नाही. दोन्ही उंदीर सकाळपासून त्यांच्या शर्टात झोपलेत. चहा मी बशीने पाजला.

गंजिफ्रॉकचं डोकं तुमचंच ना? अहो, बारा दिवस एकच! घरात बसवत नव्हतं. मी ओढायला गेले तर लहान पोरासारखे भांडले. मग एका सकाळी बाबू आपण होऊन बोटावर आला, मध चाटला आणि बाहीतून आत शिरला. मागोमाग गंगा. हे रडायला लागले, तेही आवाज न करता, जनावरं बिचकतील म्हणून. गंगा अंगावर मुतली तरी हलले नाहीत.

लुंगीचं मी लपवलं, हे खरं. सांगितलं असतं तर हे बोटीवर चढलेच नसते, आणि आम्ही खाल्लं काय असतं? तुमचं पत्र वाचल्यापासून हे खोदून विचारत होते, काल सगळं सांगितलं. तीस वर्षं मला वाटायचं, घर ह्यांच्यावाचून चालतं हे दाखवण्यात माझी हुशारी आहे. फार चुकलं माझं. ऐकल्यावर ह्यांनी अजिंक्यला फोन लावला, आणि दोघं तासभर बोलत बसले.

माया असू द्या, पण असले सल्ले आता पुरे.

एवढ्यात पुण्याच्या मुलाचा फोन येऊन गेला. हे भीतीने बोलेनात, म्हणून मीच घेतला. रुळली का, विचारत होता. म्हटलं, रुळली, तिघंही. न्यायला येऊ नकोस.

तुमची सावित्रीवहिनी