प्राचीचा मंगळ

॥ श्री ॥
निमगाव सावा
१८ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. इंदूस दादाचे अ. उ. आ.

इकडं समदं खुशाल हाय असं लिहायचा रिवाज, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर घरात कुणाच्या तोंडाला चव न्हाई. आपल्या प्राचीचं आळ्याच्या सुनीलशी जमत आलं व्हतं, ते तुला ठाऊक हाय. पोरगा पंपाच्या वर्कशॉपात काम करतो, सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाई. आणि प्राचीला तो मनापासून आवडलाय, हे तिनं तुझ्या वहिनीपाशी कबूल केलंय. साखरपुड्याचं बोलणं निघालं तशी सुनीलची आई सखूबाई म्हणाली, की पत्रिका तेवढी बघून घेऊ. आपल्यात कुणी कधी पत्रिका बघितली? तुझं लगीन आमी ज्वारीची खळी उरकल्यावर मोकळा दिस बघून लावलं, आणि तू झ्याक नांदतीस.

तुझा लाडका भाचा सुदर्शन नारायणगावला कंप्युटर शिकतोय. तो म्हणाला, भटजीला कशाला तरास, ताईची पत्रिका मी मशीनवर काढतो. काढली, छापली, आणि मंगळ नेमका सातव्या घरात. सातवं घर नवऱ्याचं असतं म्हणे, तिथं मंगळ म्हंजे नवऱ्याच्या जिवाला घोर. सखूबाई चहा अर्धा टाकून उठल्या. त्या दिसापासून आळ्याहून ना माणूस, ना निरोप. सोयरीक तुटल्यातच जमा हाय. एकदा का पोरीला मंगळाची म्हणून नाव पडलं, की दुसरं स्थळ उंबरा चढत न्हाई. प्राची नुसती भांडी घासती. घासलेलीच पुन्हा घासती.

तू पोरांना शास्त्र शिकवतीस. मशीन चुकतं का, ते बघून सांग. पत्रिकेची नक्कल सोबत घातलीय. तुझ्या वहिनीनं आता कुठल्याशा शांतीचं डोक्यात घेतलंय, तवा लवकर लिही.

पोरांना पापे. माया हाय ती तशीच ऱ्हाऊ दे.
तुझा दादा
भिमाजी

॥ श्री ॥
शिनोली
२२ फेब्रुवारी १९९९

ती. दादास इंदूचे सा. न. वि. वि.

पत्र शाळेत मिळालं, मधल्या सुट्टीत उघडलं आणि डबा तसाच राहिला. आधी वहिनीला सांग, शांती-बिंती काही करायची नाही. मशीन चुकलेलं नाही, आपला सुदा चुकलाय.

मला कशावरून कळलं ते सांगते. पत्रिकेत रवी मेषेत आहे आणि शुक्र तुळेत, म्हणजे बरोबर समोरासमोर. तू जन्मभर पहाटे मोट आणि मोटर धरलीस, शुक्राची चांदणी कधी बघतोस? पहाटे उगवतीला, नाहीतर दिवेलागणीला मावळतीकडे. सूर्याला सोडून ती फार लांब जातच नाही. सध्या संध्याकाळी अंगणातून बघ, मावळतीला शुक्र आणि गुरू अगदी शेजारी आलेत, मुलांना मी गृहपाठच दिलाय. सूर्य मावळतीला आणि शुक्र उगवतीला, असं पृथ्वीवरून आजवर कुणाला दिसलेलं नाही. मग प्राचीच्याच जन्माला कसं दिसेल?

कंप्युटरला विचारावं लागतं, की ग्रह कुठून बघायचे. सूर्यावर उभं राहून बघितलं तर ते सूर्यकेंद्री, पृथ्वीवरून बघितलं तर भूकेंद्री. सुदानं सूर्यकेंद्री निवडलं असणार. तसं केलं की मशीनला रवीचं घरच सापडत नाही, कारण आपणच त्याच्यावर बसलेले. म्हणून तर रवी आणि चंद्र पेनानं लिहिलेत. पंचांगातून उचलले ना, विचार त्याला.

भूकेंद्री शब्द पोरांना मी दरवर्षी शिकवते, पण जुन्या लोकांची चूक म्हणून. पृथ्वी मध्ये आणि सगळं विश्व तिच्याभोवती फिरतं, असं ते मानायचे. ती समजूत मेली, पण शब्द मेला नाही. पृथ्वीवरून मोजलेलं ते भूकेंद्री, एवढाच त्याचा आजचा साधा अर्थ. पंचांग भूकेंद्री असतं, ग्रहणाची वेळही पृथ्वीवरूनच सांगतात. तुझ्या मळ्यातून शिवनेरी मावळतीला आणि माझ्या शाळेतून उत्तरेला. म्हणून तुझं खोटं की माझं? किल्ला जागचा हलला नाही, आपण वेगळ्या ठिकाणी उभे आहोत. प्राची निमगावात जन्मली, सूर्यावर नाही.

आता माझं मत. मंगळ कुठल्याही घरात बसो, पोरीचा संसार त्याच्या हातात नसतो. मी पत्रिका मानत नाही आणि मानणारही नाही. पण बघायचीच असेल तर निदान धड बघा. सुदाला म्हणावं, भूकेंद्री निवड आणि पुन्हा काढ. आत्यानं कान उपटायला राखून ठेवलाय, हेही सांग.

प्राचीला जवळ घे. वहिनीला नमस्कार. बहिणीवर राग धरायचा तर खुशाल धर, पण पत्राला उशीर नको.
तुझी
इंदू

॥ श्री ॥
निमगाव सावा
१ मार्च १९९९

चि. सौ. इंदूस अ. उ. आ.

तुझं पत्र आमी तिघांनी ओट्यावर बसून वाचलं. सुदर्शनला विचारलं तर गडी उलटा तुझ्यावरच घसरला. म्हणतो, मशीननं दोन इंग्रजी शब्द दावले, डिक्शनरीत बघितलं, एकाचा अर्थ पृथ्वी मधी, दुसऱ्याचा सूर्य मधी. सातवीत पृथ्वी मधी लिहिलं म्हणून आत्यानंच सुट्टीत पाठीत धपाटा घातला व्हता, मग मी खोटं कशाला निवडू? मला हसू आवरंना. तुझाच धपाटा तुझ्याच भाचीला लागला बघ.

पुन्हा काढली. मंगळ सहाव्या घरात सरकला, शुक्र सूर्याशेजारी येऊन बसला. खात्रीला जुन्नरच्या जोशीबुवांनाही दावली, त्यांचीही तशीच आली. सखूबाईला कळवायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन दारात हजर. सुनीलही संगती व्हता. लई गोड बोलल्या, साखरपुड्याचा दिस काढून गेल्या.

आणि आता प्राची न्हाई म्हणती. कारण विचारलं तर म्हणती, आत्याला लिहिते. मी रागानं लई बोललो तिला. तुझ्या वहिनीनं तर डोक्याला फडकं बांधलंय. ह्या पोरीला समजव. तुझं ती ऐकती.

राग तुझ्यावर न्हाई, आशीर्वाद नेहमीचाच.
दादा

॥ श्री ॥
निमगाव सावा
३ मार्च १९९९

ती. सौ. आत्यास प्राचीचा शि. सा. न.

आण्णांचं पत्र तुम्हाला पोचलं असेल. मला समजवायचं पत्र लिहायला बसला असाल तर थांबा, आधी माझं वाचा.

सुनील मला आवडला होता, ते खोटं नाही सांगत. मंगळ सातव्यात निघाला तेव्हा मला वाटलं, त्याची आई काही म्हणो, हा येईल. गाडी आहे, आळं काही परमुलूख नाही. रोज संध्याकाळी गाडी वाजली की मी ओट्यावर यायचे. तो आला नाही. माझी मैत्रीण रत्ना त्याच्या वर्कशॉपात मोटर आणायला गेली, तिच्याकडून विचारलं. म्हणाला, आई म्हणेल तसं. मी त्या दिवशी किती रडले ते आईलासुद्धा माहीत नाही.

मग पत्रिका सुधारली आणि तो नारळामागं हसत आला. मी त्याला गोठ्याशी गाठून विचारलं, की उद्या आणखी कुणी काही दोष काढला तर काय करणार? त्यानं आधी मागं वळून त्याच्या आईकडं बघितलं. मला उत्तर मिळालं. मंगळ सातव्यात असता तरी मी त्याच्याशी लग्न करणार होते. त्याला मात्र मी मंगळासकट नको होते. सुदा बिचारा कान धरून फिरतोय, पण त्याच्या चुकीनं मला हे लग्नाच्या आधी कळलं. मी खाली मान घालून बसणार नाही. दुसरं स्थळ येईल, नाही आलं तर माझा मी शिवणाचा क्लास काढीन. मला भीती वाटत नाही.

हे सगळं काल आण्णांना स्पष्ट सांगितलं. ते उठले. टोपी घातली, नारळ पिशवीत टाकला आणि आळ्याला गेले. सुदा बरोबर होता, त्याच्याकडून कळलं. सखूबाई म्हणाल्या, आता तर पत्रिका जुळली, मग अडलं कुठं? आण्णा म्हणाले, पत्रिका जुळली बाई, आमची पोरगी जुळंना.

घरी आले आणि जेवायला बसले. मी वाढत होते, तर म्हणाले, तुझंही ताट घे. आम्ही दोघं एका पंगतीला जेवलो.

मामांना नमस्कार सांगा. या लेकीला तुमच्या मनात आहे तिथंच राहू द्या.
तुमची
प्राची