पूर्वेस गंगाराम

पावस,
सोमवार, १२ मे २०२५

चि. गंगाराम यास,
आत्मारामाचे आशीर्वाद. सदुसष्टाव्या वर्षी चिरंजीव म्हटल्याचा राग येणार असेल, तर तो अकरा वर्षांच्या जुन्या रागात मिसळून टाक. इकडे सर्व ठीक. तिकडचं तुझ्या खोकल्यावरून कळतं. आल्याचा काढा घे.

या पत्रासाठी केरू पोस्टमनकडे तिकीट मागितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, धा पावलांसाठी तिकीट कशाला खर्च करताव? द्या, मधल्या दगडी गडग्यावरनं टाकतो." पण सरकारी तिकिटाचं पत्र तू न वाचता फाडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

घर विकायचं ठरलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. दर्शन लोट्याला कंपनीत, खेडला त्यानं ब्लॉक घेतलाय. म्हणतो, "बाबा, परत पडलात तर उचलणार कोण?" तुझी वहिनी जनी गेल्यापासून घरात मी एकटाच. घेणारा विनीत म्हणून पुण्याचा मुलगा आहे. सभ्य आहे. आपल्या विहिरीचं पाणी पिऊन 'ऑरगॅनिक' म्हणाला.

गेल्या शुक्रवारी खरेदीखत नोंदवायला रत्नागिरीला कचेरीत गेलो. फोटो निघाला, पण यंत्र अंगठा घेईना. बोटीवर बत्तीस वर्षं दोरखंड ओढून रेघा झिजल्यात. पुसला, खोबरेल लावलं, पँटीवर घासला. शेवटी कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला ओळखणारी दोन माणसं आणा." दलालानं चहाच्या टपरीवरून दोघांना धरून आणलं.

"यांना किती वर्षं ओळखता?"

"लहानपणापासून," एक म्हणाला. तो असेल पंचविशीचा.

"नाव काय यांचं?"

"सखाराम."

बाईंनी कागद परत दिले. सिंगापूरपासून रॉटरडॅमपर्यंत मला कुठल्या बंदरात कुणी अडवलं नाही, आणि इथं घरापासून तासाभरावर मी कोण ते सिद्ध होईना.

आता येत्या शुक्रवारी अकराची वेळ मिळाली आहे. एक ओळखदार केरू. दुसरा काही मिळत नाही.

हे खोटं लिहिलं. वाडीतला बाबू तयार आहे, शाळेतले मास्तरही तयार आहेत. मीच त्यांना नको म्हटलं.

मार्चमध्ये मोजणीवाले आले होते. तेव्हा तू पडवीत पेपर उलटा धरून बसला होतास. त्यांनी खुंट्या कुठे ठोकल्या ते तू पाहिलंस, पण बोलला नाहीस. गडगा दोन हात तुझ्या जागेत आहे. मीच बांधून घेतला होता तो. म्हणजे फणस तुझा. ज्या फणसावरून मी चार माणसांसमोर तुला चोर म्हटलं, तो फणस अकरा वर्षं मी खाल्ला. कापा आहे रे, घट्ट गोड गऱ्यांचा. बरका असता तर कबूल करायला एवढं जड गेलं नसतं. आणि तुझी बायको गुणवंती तिसऱ्यांच्या कालवणाची वाटी गडग्यावर ठेवत राहिली. मी वाटी धुऊन परत ठेवायचो, त्यात चार गरे कधी घातले नाहीत. याची फार लाज वाटते. माझं चुकलं, गंगाराम.

वकिलांनी खरेदीखतात चतुःसीमा लिहिली होती. पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस पाण्याचा वहाळ, उत्तरेस देवळाची जागा, पूर्वेस शेजाऱ्याची मिळकत. मी म्हटलं, खोडा. 'पूर्वेस सख्खे बंधू गंगाराम यांचे घर व त्यांचा फणस' असं लिहा. ते म्हणाले, "चतुःसीमेत झाड कशाला?" मी म्हटलं, लिहा. विनीतची हरकत नाही. दोन हात जागा कमी झाली तरी त्याचा चेहरा पडला नाही. फणसाचं कळल्यावर मात्र पडला.

शुक्रवारी नऊच्या एस्टीनं निघतोय. बाई विचारतील, यांना ओळखता का. हे घर सोडण्याआधी त्याचं उत्तर मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. नसशील ओळखत तर तसं सांग, पण तिथं येऊन सांग.

उत्तर पोस्टानं नको. गडग्यावरून हाक मार, मी पडवीतच बसलेला असतो.

शुक्रवारपर्यंत तुझ्या पश्चिमेस राहणारा,
तुझा दादा,
आत्माराम