तेलाच्या नऊ डब्यांतली अंबाडी

लिहून ठेवणार : उमैर मोहियुद्दीन सोलकर, वय चोवीस, काम एसी दुरुस्ती, मूळ गाव सैतवडे, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम बत्हा, रियाध, इस्मतचाचांच्या खानावळीच्या वर तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली.

कारणे लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे (माझ्या खोलीत राहणाऱ्या शिरीषचे मत वेगळे आहे, पण त्याला कोणी विचारलेले नाही), तब्येत ठणठणीत आहे, आणि हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण असलेच तर ते या लढाईत वरून येणाऱ्या मिसाइलचे. परवा दोन गल्ल्या सोडून एक पत्र्याचा तुकडा पडला. दाराच्या फळीएवढा मोठा. माणसे वाचली, एक बेकरी बसली. त्यावर इस्मतचाचा मला म्हणाले, "देण्यासारखं काही असेल त्याने वसियत न लिहिता दोन रात्री झोपू नये. तुझ्याकडे काय आहे रे?"

मी म्हटले, "अंबाडी."

"मग अंबाडीची लिही."

त्यांनी दोन नियम सांगितले ते वर लिहितो, म्हणजे खाली घोळ व्हायला नको. एक, आपल्या मर्जीने फक्त तिसरा हिस्सा देता येतो, बाकीचा शरियतप्रमाणे वारसांना जातो. दोन, वारसाच्या नावे वसियत होत नाही, कारण त्याचा वाटा अल्लाने आधीच ठरवलेला आहे.

कलम १. मालमत्ता. हत्यारांची पेटी कफीलची, म्हणजे इथल्या मालकाची आहे. रेडिओ शिरीषचा. गादी आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेली. माझे स्वतःचे म्हणजे गच्चीवरचे तेलाचे नऊ रिकामे डबे, त्यांतली माती आणि त्यांतली अंबाडी. डबेसुद्धा खानावळीचे होते, पण चाचा "ने ते" म्हणाले होते आणि त्याला शिरीष साक्षी आहे. नवाचा तिसरा हिस्सा तीन. हे गणित मला जमते, नववीत शाळा सोडली तरी.

कलम २. दफन. इथेच करावे. गावी न्यायचा खटाटोप नको. चिपळूणहून ट्रकच्या टपावर बसून निघालो तो इंदूर, ओंकारेश्वर, पोरबंदर, दम्माम असा फिरलो. आता एका जागी पडून राहीन म्हणतो.

कलम ३. ही अंबाडी का लावली. हे वसियतीत लागते की नाही ठाऊक नाही, पण मागे कोणी विचारले तर सांगायला मी नसेन.

सप्टेंबरात शिरीषने माझ्या वतीने इस्मतचाचांकडे शब्द टाकला. त्यांची मुलगी सुहाना, तिच्यासाठी. चाचा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "पोरगा वाईट नाही. पण त्याच्या पायाला भिंगरी. जिथे पेरतो तिथे उगवेपर्यंत थांबत नाही. त्याला म्हणावं एक पीक काढून दाखव. चांगलं आलं तर बोलू."

चांगले म्हणजे किती, ते मात्र बोलले नाहीत. सगळे भांडण तिथून सुरू झाले.

बी शिरीषच्या आईने सोलापूरहून फडक्यात बांधून पाठवले होते. शिरीष इथे इस्पितळात एक्सरे काढतो. त्याचे म्हणणे, डब्यामागे एक जुडी आली की पीक चांगले. चाचांच्या बायकोचे, कुबराचाचींचे म्हणणे, पातेल्यात घालून बघा, एका पंगतीला पुरली तर चांगले. मी खालून तराजू आणला. डिसेंबरात पहाटे पाणी घालून सात वाजता पाला खुडला आणि तोलला. दोन किलोच्या वर! जिन्यावरून नाचत खाली गेलो. सुहानाने पाटी हातात घेतली, दोन पाने चिमटीत धरली आणि म्हणाली, "टू केजी? इसमें पानी कितना है?"

दुपारपर्यंत पाला मान टाकून बसला. शिजवल्यावर एक वाडगा झाला. चाचा वाडग्यात बघून म्हणाले, "पीक नाही तोललंस बाबा, नळ तोललास."

कलम ४. इथे एका गुरूचे ऋण मान्य करतो. ओंकारेश्वरच्या खाली नर्मदेकाठी एका बैराग्याकडे मी दोन महिने भांडी घासली. त्याच्या झोपडीमागे गांजाची चार झाडे होती. सौदीत हे वाक्य लिहायची भीती वाटते, पण गोष्ट तिकडची आहे आणि मी ओढला नाही, खोकला येतो. पलीकडच्या घाटावरचा एक जण आला. त्याचे झाड माणसाच्या वर गेले होते. भरलेले पोते दाखवून तो छाती काढून बसला. बैराग्याने पोते ठेवून घेतले आणि पंधरा दिवसांनी ये म्हणाला. सावलीत वाळवून, काड्या-देठ काढून हातावर ठेवले तर दोन पसे भरले. आमच्या झाडाचे तेवढेच भरले, आणि आमचे झाड माझ्या कमरेला लागत होते. बैरागी म्हणाला, "गीला तोले सो मूरख." मग पुढे म्हणाला, दुसऱ्याच्या झाडाशी तोलू नकोस. किती मुळाला जागा दिलीस, किती ऊन दिलेस, कितीदा विसरलास, ते बघ आणि मग ठरव की झाडाने चांगले दिले की नाही.

हे ऐकून मी चौथ्या दिवशी तिथून निघून गेलो होतो. तेव्हा कळले नव्हते. नळ तोलल्यावर कळले.

कलम ५. पहिला डबा अलीस. अली हा आमच्या गल्लीतला नागरी संरक्षणवाला. लढाई सुरू झाल्यावर गच्च्या तपासायला आला होता. अंबाडीचे पान गांजासारखेच पाच बोटांचे, करवती काठाचे, त्यामुळे तो दारातच थबकला. "हशीश?" इथे त्या शब्दापायी मान उडते. माझी अरबी एका क्षणात संपली. मी एक पान तोडून खाल्ले. मग आणखी चार खाल्ली. तो बघत राहिला. शेवटी मी एक त्याच्या हातावर ठेवले. त्याने चावले, एक डोळा मिटला, आणि ओरडला, "हामिद!" म्हणजे आंबट. मग हसत सुटला. जाताना आईसाठी जुडी घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात परत आला, "यल्ला, अंबादी." म्हणजे चल, आण लवकर. पिकात ही तूट कशी धरायची यावर शिरीषचे आणि माझे दोन दिवस वाजले. मी म्हणतो तूट नाही, तेही पीकच. मागायला माणूस परत आला ना?

कलम ६. दुसरा डबा शिरीषला. जानेवारीत सगळे खिडक्यांना प्लॅस्टिक लावत होते, विषारी वायू आला तर म्हणून. आमच्या वाटणीचे प्लॅस्टिक मी थंडीसाठी डब्यांवर घातले. शिरीष म्हणाला, "उमैऱ्या, उद्या गॅस आला तर आपण मरणार आणि तुझी भाजी जगणार!" तरी दोरी त्यानेच बांधली. तो घोरतो, ते माफ.

माझा थोरला भाऊ जुनैद याला माफी आहे. सायकल मात्र परत द्यावी.

कलम ७. तिसरा डबा, कोपऱ्यातला, कठड्याच्या आडोशाचा, ज्याला सर्वांत कमी ऊन मिळाले आणि ज्याला मी एकदाही विसरलो नाही, तो सुहाना इस्मत परकार हिला. तिचा-माझा काही नातेसंबंध नाही, म्हणून देता येतो. बैराग्याच्या हिशेबाने माझे सर्वांत चांगले पीक तेच. ओले तोलू नये.

कलम ८. उरलेले सहा डबे अम्मी-अब्बांचे. त्यांचे बी धरून शिरीषने कोणाबरोबर तरी सैतवड्याला पाठवावे.

कलम ९. पीक शुक्रवारी जुम्म्यानंतर खुडायचे आहे. मिसाइलपासून लांब जायला कफीलने जद्द्याची गाडी देऊ केली होती, गल्लीतले निम्मे गेले. मी गेलो नाही. पाच महिने एका गच्चीवर थांबलो, इतका मी कुठेच थांबलेलो नाही. शुक्रवारपर्यंत राहिलो तर चाचांनी जमेल तसे तोलावे. नाही राहिलो तर पीक चांगले होते असे सुहानाला सांगावे, एवढीच विनंती.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, शाई सांडली ती तिसऱ्यांदा.

(सही) उमैर मोहियुद्दीन सोलकर
मु. बत्हा, रियाध, बुधवार, १३ फेब्रुवारी १९९१

साक्षीदार १ : शिरीष दत्तात्रय कुंभोजकर. मी घोरत नाही.

साक्षीदार २ : इस्मत दाऊद परकार. पूर्ण वाचले. गच्चीवर जाऊन कोपऱ्यातला डबाही पाहिला, माती हाताने चाचपली. कलम ७ चालत नाही, मी खोडले आहे. नियम दोन पुन्हा वाचावा. काझींना शुक्रवारी असरच्या नमाजानंतर बोलावले आहे, त्यानंतर ती वारस होते, आणि वारसाच्या नावे वसियत होत नाही. सायरन झाला तर निकाह जिन्याखाली. भाजी कुबरा करील, गोश्त घालून.