पावलांवर चाक नको

मंगळवार, संध्याकाळ

बाजारातल्या अपंगांच्या राखीव पार्किंगशेजारी व्हीलचेअर उतरवायला पट्टा सोडलाय. तिथे रोज कोणाची तरी स्कूटर. शेवटी मीच सुचवलं, ऑइलपेंटने लक्ष्मीची पावलं काढूया, त्यांच्यावर कोण गाडी लावणार नाही. खरंच कोणी लावली नाही.

आज दादाने माझी खुर्ची तिथे उतरवली, तर नारळवाल्या काकी धावत आल्या. "अगो, पावलांवर चाक नको हां. बाजूने घे."

बाजूला गटार. दादालाही पावलांवरून खुर्ची ढकलवेना. मला धड रागही येईना. पावलं माझीच ना?

खुर्ची परत डिकीत गेली. काकींनीच माझी भाजी आणून दिली, वर प्रेमाने एक शहाळं. मी काचेतून पावलं बघत बसले. सगळी बाजारात जाणारी.