एका हाडाचा पक्षी

पडेगाव

प्रिय विशाखा,

जय भीम. अक्षर ओळखीचं वाटून दचकली असशील. त्याचं शेवटी सांगते, नायतर तू तेवढंच वाचशील आणि म्हातारीला सोडून देशील.

तुझा पक्षी तुझ्या धाकट्या बहिणीनं, निशानं, फोनवर दाखवला. लाखो वर्षांमागचा शिकारी, गरुडाहून थोराड म्हणे. आणि सापडलं काय, तर पायाचं एक हाड न् अर्धं नख. तेवढ्यावरून तुम्ही पंख, चोच, डोळ्यातला रागसुद्धा काढलात. तुमच्यापेक्षा सोयरीक जुळवणारे बरे, ते निदान पोरगी बघून तरी थापा मारतात.

लई हसले, मग लहानपण आठवलं. पिशोरला मी लहान असताना मेलेली ढोरं ओढायचं काम आपल्याच लोकांवर होतं. गिधाडं जेवून गेली की आम्ही पोरी हाडं वेचायचो, व्यापाऱ्याला द्यायला. एकदा त्यात गिधाडाचंच हाड घावलं. काडीसारखं हलकं, आत पोकळ. ढोराच्या हाडांशी ताडून बघत दिवसभर बसले. हे असं का, कुणाला विचारणार? उडायचं तर हाड पोकळ लागतं, हे तू मागं सांगितलंस तेव्हा कळलं. सत्तर वर्षांनी.

मग छप्पन साली दीक्षा झाली. माझ्या बापानं ओढायचा दोर चावडीपुढं टाकला. तुझा बाप, मोतीराम, त्या दोराची गोष्ट ऐकतच वाढला. म्हणून तू बँकेची परीक्षा सोडून जुनी हाडं उकरायला गेलीस तेव्हा म्हणाला, "आजोबानं टाकलेला दोर पोरीनं उचलला." दोन वर्षं झाली, तुझं नाव त्याच्या तोंडी नाय.

मी त्याला एवढंच म्हटलं, आम्हाला हाडं उचलायला लावायचे आणि आमचं नावही कुणी विचारायचं नाय. ही आपल्या मनानं उचलते, आणि पक्ष्याच्या चित्राखाली हिचं नाव छापतात.

घरात फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. मला लिहिता येत नाय, हे जन्मात पहिल्यांदा कामाला आलं. निशाला बाहेर धाडलं आणि वही मोतीरामपुढं सारली. आईला नाय कसं म्हणतो? आत्ता इथवरचं वाचून दाखवायला लावलं. 'प्रिय विशाखा' म्हणाला आणि उगीच खोकत बसला. मी तर नुसतं नाव सांगितलं होतं, बाई. 'प्रिय' त्याच्या पदरचं. तू एका हाडावरून अख्खा पक्षी उभा करतेस ना, मग एवढ्या एका शब्दावरून तुझा बाप उभा कर.

तुझीच,
कडूआजी
(अंगठा तेवढा माझा)